स्पीडोला : न ऐकू येणाऱ्या बंदीची गोष्ट

१/ विमानांच्या संभाषणासाठी ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ हा बँड राखलेला आहे. तो ऐकण्याचे काही हातसंच मुळात त्यापलीकडचेही ऐकू शकतात. कारखान्यात त्यांना कुंपण घातलेले असते. संगणकाला जोडून ते कुंपण काढणारे हौशी लोक पाहिले, की मला एक सोव्हिएत रेडिओ आठवतो.

२/ त्याचे नाव 'स्पीडोला'. लाटव्हियन महाकाव्यातील मायाविनीचे हे नाव. १९६० च्या सुमारास रिगा येथील 'व्हेफ' कारखान्यात तो तयार होऊ लागला. बॅटरीवर चालणारा हा ट्रान्झिस्टर संच सहज गावाबाहेर नेता येई. तिथे शहरातील जॅमरांचा जोर ओसरलेला असे.

३/ जॅमिंग १९४८ पासूनचे. बीबीसीवरील खरखर १९६३ मध्ये थांबली. ऑगस्ट १९६८ मध्ये चेकोस्लोव्हाकियात रणगाडे शिरताच पुन्हा सुरू झाली. रेडिओ लिबर्टीला मात्र १९५३ पासून १९८८ पर्यंत उसंत मिळाली नाही.

४/ परंतु दुसरी बंदी संचाच्या पोटातच होती. देशात विकल्या जाणाऱ्या स्पीडोलाच्या लघुलहरी २५ मीटरपाशी संपत. दिवसा दूरचे प्रसारण चांगले पोहोचवणारे १९, १६ व १३ मीटरचे बँड त्यात नसत. तंत्र अपुरे होते म्हणावे, तर व्हेफच्या निर्यातीच्या संचांत यांपैकी काही बँड दिलेले असत!

५/ उपायही संचातच होता. बँड बदलण्यासाठी आत एक फिरता ढोल असे. प्रत्येक बँडच्या कॉइल त्यावरील सुट्या पट्टीवर बसवलेल्या. जाणकार ती पट्टी काढीत, तारेचे वेढे कमी करीत आणि पुन्हा बसवीत. वेढे घटले की कंप्रता वाढते. मी हौसेने जुने रेडिओ दुरुस्त करतो. दोन-चार वेढे उलगडताच स्थानके कशी सरकतात, हे हातांना ठाऊक आहे. त्या कारागिरांविषयीचा माझा आदर तिथूनच आला.

६/ हे सारेच बंडखोर नव्हते. कुणाला बातम्या हव्या होत्या, कुणाला केवळ जॅझ.

७/ प्रत्येक कुंपण म्हणजे दडपशाही नव्हे. विमानांच्या बँडमागे सुरक्षिततेचाही विचार असतो. पण मित्रहो, इतिहास वाचताना एक भेद ध्यानी ठेवावा. जॅमरची खरखर कानावर पडते. काहीतरी दडवले जात आहे, हे ती स्वतःच सांगते. वगळलेला बँड काहीच सांगत नाही. म्हणून हुकूमनाम्यांइतक्याच बारकाईने वस्तूही वाचाव्यात, आणि त्यांत काय नाही, हेही पाहावे.