तीन हजारांवर काटा

१२ जानेवारी २०२५, सातारा
उद्या पहाटे चारला निघायचं. चारही चाकांत हवा बघितली. मागच्या सीटवर उशी, प्लॅस्टिकच्या पिशव्या, लिंबू. हिनं स्वेटर घडी घातला, उलगडला, पुन्हा घडी घातला.
गाडी एक हजार सीसीची, तीन सिलिंडर, एएमटी, म्हणजे क्लचचं पेडल नाही. माझ्या डाव्या गुडघ्यासाठी घेतलेली. साताऱ्यात छान चालते. परळपर्यंत कधी नेली नव्हती.

१३ जानेवारी
जाताना ठीक. द्रुतगती मार्गावर १०० ला इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा ३,०००. बोलायला आवाज चढवावा लागला. मग बोललोच नाही.
सलाईन संपायला चार वाजले.
येताना बोरघाट. गिअरबॉक्स डी वर. चौथ्यातून तिसरा, पुन्हा चौथा, पुन्हा तिसरा. दर वेळी मान पुढं, मग पाठ मागं. आडोशी बोगद्याच्या अलीकडं म्हणाली, “अहो, कुठं थांबवता येईल का?” घाटात थांबायला जागा नाही. लोणावळ्यापर्यंत पिशवी तोंडाशी धरून बसली.

१४ जानेवारी
संक्रांत. तिळाचा वास तिला सोसवेना. दारं-खिडक्या उघड्या ठेवल्या.

१६ जानेवारी
मेस्त्रींकडं गेलो. त्यांनी चालवून बघितली. बॉक्समध्ये दोष नाही म्हणाले.
आत गिअरबॉक्स साधाच, हातानं टाकायचा असतो तोच. क्लचही एकच. पायाऐवजी तेलाचा दाब क्लच सोडवतो, हाताऐवजी छोटा पिस्टन गिअर ढकलतो. क्लच सुटलेला असतो तेवढा वेळ चाकांना ताकद नाही. गाडी रेंगाळते. क्लच धरला की पुन्हा ओढते. हिसका तो एवढाच.
एवढाच, पण तिच्या पोटाला तो कळतो.

१९ जानेवारी
मेहुण्यांची सीव्हीटी चालवून बघितली. दोन पुली, मधे पोलादी पट्टा. पुलींच्या कडा जवळ-लांब होतात, तसं प्रमाण बदलतं. गिअर नाहीत, म्हणून हिसका नाही. दाबलं की काटा वर जाऊन तिथंच बसतो, वेग मागून येतो. डच डाफ कंपनीनं १९५८ साली आपल्या ६०० या छोट्या गाडीत रबरी पट्ट्यावर हेच केलं होतं. आपल्या कायनेटिक होंडातही हेच होतं. हिला त्यावरून ऑफिसला सोडायचो.
टॉर्क कन्व्हर्टर हा तिसरा प्रकार. इंजिन आणि बॉक्स यांच्यामध्ये तेल फिरतं, ताकद तुटत नाही. हायवेला आतला क्लच कुलूप लावल्यासारखा धरतो आणि काटा थोडा खाली बसतो.
गाडी बदलणं आत्ता शक्य नाही. औषधांची बिलं ड्रॉवरमध्ये. हीच गाडी नीट चालवायची.

२६ जानेवारी
यवतेश्वरचा घाट. एकटाच. मागच्या सीटवर पाण्याची बाटली उभी करून ठेवली. दुसऱ्या वळणाआधीच पडली.

२८ जानेवारी
पुन्हा यवतेश्वर. गिअर बदलायच्या ऐन वेळी ॲक्सिलरेटरवरचा पाय किंचित उचलायचा. पूर्ण नाही. क्लच सुटण्याआधीच ताकद उतरलेली असते, मग रेंगाळणं जाणवत नाही. वेळ कानानं पकडायची. आयटीआयमध्ये पोरांना लेथ शिकवताना सांगायचो, काटा नंतर बघा, आधी ऐका.
बाटली वरपर्यंत उभी राहिली.

३ फेब्रुवारी
उतरताना बोरघाट. डी वर पाय उचलला की बॉक्सला वाटतं, ताकद नको आहे. थेट पाचवा टाकतो. मग गाडी मोकळी सुटते आणि सगळा भार ब्रेकवर. आज लिव्हर एम वर नेला, हातानं तिसरा टाकला. ६० ला काटा ३,०००.
“गाडी एवढी ओरडते का?” तिनं डोळे न उघडता विचारलं.
सांगितलं, आत्ता इंजिन पेट्रोल पीतच नाहीये. चाकं त्याला फिरवतायत, इंजेक्टर बंद आहेत. आवाज आहे तो गाडी धरून ठेवल्याचा.
“बरं,” म्हणाली.
शेजारून एक ट्रक न्यूट्रलमध्ये उतरत होता. डिझेल वाचवायला. मागचा ब्रेक जळाल्याचा वास आला. तो पुढं जाईपर्यंत डावीकडं राहिलो.
येताना चढही तिसऱ्यातच. एकही बदल नाही. खंडाळा बोगद्यात बघितलं, झोपली होती.

५ फेब्रुवारी
उशीवर केस. तिनं झटकले, मी बघितलं नाही असं केलं.

९ फेब्रुवारी
रात्री झोप नाही. वहीत हिशोब मांडला.
गाडी, आम्ही दोघं, सामान मिळून एक हजार किलो. चढ शंभराला सहा धरला. ताशी ६० नं वजन वर न्यायला १० किलोवॅट. वारा आणि टायर ४. एसी २. एकूण १६.
पाचव्यात ६० ला इंजिन १,८०० वर फिरतं. तिथं पेडल तळाला टेकवूनही जेमतेम १६ मिळतात. शिल्लक काही नाही. चौथ्यात २,३०० ला २१ च्या आसपास. तिसऱ्यात ३,००० ला २७.
चढ एकसारखा नसतो. जरा सपाटी आली की बॉक्सला चौथा पुरेसा वाटतो, वळण आलं की कमी पडतो. म्हणून त्याची घालमेल. पुढचं वळण मला दिसतं, त्याला दिसत नाही.
आणखी एक. सपाटीवर टॉपमध्ये १०० ला ३,०००. घाटात तिसऱ्यात ६० लाही ३,०००. इंजिनाला दोन्ही सारखंच. या इंजिनाची खरी ओढ ३,५०० ला आहे. म्हणजे ते अजून आरामातच चाललंय.
हे लिहिल्यावर झोप लागली.

१६ फेब्रुवारी
टायर १६५/७० आर १४. घेर सुमारे १.८४ मीटर. ताशी १०० ला चाक मिनिटाला ९०० च्या वर फेरे घेतं. इंजिन ३,०००. एका फेऱ्याला सव्वातीनच्या आसपास. मोठ्या गाड्यांना हे प्रमाण कमी ठेवता येतं, त्यांच्या इंजिनात खालीही ताकद असते. लहान इंजिनाला टॉप गिअर जास्त लांब दिला तर उड्डाणपुलाच्या चढावरही तो उतरवावा लागेल.

२४ फेब्रुवारी
शिरवळजवळ उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या. त्यांच्या मागं ३० नं बराच वेळ. तिची हरकत नव्हती.
भाचा सोबत होता. त्यानं मोबाइलवर जीपीएस लावलं. आपला वेगाचा काटा १००, खरा वेग ९५. कंपन्या मुद्दाम थोडा जास्त दाखवतात. कमी दाखवलेला चालत नाही.
“मामी, सगळ्यांना हेच सांगा,” तो म्हणाला. ती हसली. बऱ्याच दिवसांनी.

१७ मार्च
८० नं गेलो. संपूर्ण द्रुतगती, डावी लेन.
८० ला काटा २,४००. तीन सिलिंडर, एका फेऱ्याला दीड स्फोट, म्हणजे सेकंदाला ६०. सीटमध्ये बारीक घुमणं येतं. ७५ ला नेलं की जातं. तिच्या पाठीला ७५ बरं.
१०० ऐवजी ८० नं ९५ किलोमीटरला चौदा मिनिटं जास्त लागतात. हवेचा अडथळा मात्र १०० ला दीडपटीहून जास्त. ८० ला पेडल निम्मंही दाबावं लागत नाही, पाचवा सुटत नाही, कामशेतच्या चढावरही नाही.
चौदा मिनिटं. दिली.

३० मार्च
पाडवा. गुढी तिनं उभारली. तांब्या मी बसवला, तिचे हात कापत होते. स्कार्फ नवा, हिरवा.

७ एप्रिल
अटल सेतूवरून गेलो. शिवडीला उतरलं की परळ जवळ. साडेएकवीस किलोमीटरच्या वर, सगळा सपाट. वारा समोरून. त्याच ७५ ला पेडल थोडं जास्त दाबावं लागलं, काटा तिथंच. रेव्ह चाकांच्या वेगाचे, पेडल अडथळ्याचं. पोरांना हे फळ्यावर शिकवताना कधी इतकं स्वच्छ दाखवता आलं नव्हतं.
ती पूर्ण वेळ समुद्र बघत होती.

८ एप्रिल
ताप १००.४. रात्रीच डॉक्टरांना फोन. गाडी दाराशी तोंड बाहेर करून लावून ठेवली.

१० एप्रिल
ताप उतरला.

२८ एप्रिल
शेवटची सलाईन. नर्सनं हातावरची पट्टी काढली तेव्हा ती काही बोलली नाही. मीही नाही.
घाट तिसऱ्यात. बाहेर ऊन भयंकर, एसी बंद करवेना. इंजिनाच्या तापमानाचा काटा मधेच राहिला. पंखा चालतोय, तेल वेळेवर बदललंय, मग ३,००० ला घाबरायचं कारण नाही.

१४ मे
तिला वासावरून कैरी ओळखता आली. तक्कू केला. सगळा संपवला.

२६ मे
मुंबईत धो धो पाऊस. मॉन्सून आजच पोचला, इतक्या लवकर कधीच नव्हता, बातम्यांत सांगितलं. द्रुतगतीवर ६०, वायपर पूर्ण. चौथ्यात धरून. ओल्यात बॉक्सनं एकदम गिअर उतरवायला नको.
डॉक्टर रिपोर्ट वाचत होते. मी त्यांच्या चष्म्याकडं बघत होतो.
“तीन महिन्यांनी या.”
लिफ्टमध्ये तिनं माझं मनगट धरलं. पार्किंगपर्यंत सोडलं नाही.

२२ जून
स्कार्फशिवाय बाजारात गेली. केस बोटभर, पांढरे. भाजीवालीनं दर कमी केला नाही, म्हणून हिनं भांडण केलं.

२५ ऑगस्ट
तपासणी झाली. आता पुढची सहा महिन्यांनी.
येताना गणपतीची गर्दी. शिरवळच्या पुढं चढ, समोर दोन ट्रक शेजारी शेजारी. ७० नं मागं राहिलो. उजवीकडची लेन मोकळी झाली.
“अहो, दाबा की जरा. मूर्ती आणायचीये, दुकान बंद होईल.”
पेडल तळाला. बॉक्सनं पाचवा सोडला, तिसरा पकडला. हिसका बसला. काटा ३,५००, ४,०००, ४,५००. ९० ला दोन्ही ट्रक मागं.
आवाज केवढा. मी तिच्याकडं बघितलं. ती पुढं बघत होती.
“अजून एक आहे,” म्हणाली. “तोपण घ्या.”

९ सप्टेंबर
गाडी शिकायची म्हणते. क्लच नाही, तर मग अडतंय कुठं, असं तिचं म्हणणं.
चाळिशीपुढं लर्निंगला डॉक्टरचा दाखला लागतो, फॉर्म १ए. आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी दृष्टी तपासली, रक्तदाब घेतला, हात घट्ट मिटायला लावले. जानेवारीपासूनची सगळी फाइल त्यांना पाठ आहे.
वाहन चालवण्यास पात्र. सही. शिक्का.