ओट्यावरचा अंधार

घरातला दिवा बदलण्याच्या कामाची पहिली अट म्हणजे अंधार. छताचा जुना होल्डर काढायचा असो की स्वयंपाकघरात ओट्यावर एलईडीची पट्टी बसवायची असो, आधी तिथला वीजपुरवठा तोडावा लागतो. मग जिथे उजेड हवा आहे तिथेच विजेरीच्या झोतात, नाहीतर खिडकीतून येईल तेवढ्या उजेडात हात चालवावे लागतात. म्हणून असे काम सकाळी हाती घ्यावे आणि दिवेलागणीच्या आत संपवावे.

पुरवठा तोडायचा तो कुठे, हा प्रश्न दिसतो त्याहून अवघड आहे. भारतातल्या घरगुती जोडणीत २३० व्होल्टची, सेकंदाला ५० आवर्तनांची वीज येते. फेजच्या तारेने ती दिव्यापर्यंत जाते, न्यूट्रलने मंडल पूर्ण होते, आणि अर्थची तार बिघाडाच्या प्रसंगासाठी राखलेली असते. बटण फेजवर घालावे असा नियम आहे. ते कोणी न्यूट्रलवर घातले असेल, तरी बटण दाबताच दिवा तसाच बंद होतो. होल्डरपर्यंत फेज मात्र पोचलेलीच राहते. डोळ्यांना या दोन अवस्थांत काहीही फरक दिसत नाही. जुन्या घरांत लाल तार फेजची, काळी न्यूट्रलची आणि हिरवी अर्थची असा संकेत असतो. पण अनेकदा डागडुजी झालेल्या घरात, हाताशी उरलेल्या गुंडाळीतली एकाच रंगाची तार सगळ्या कामांना वापरलेली सापडू शकते. म्हणून दिव्याचे बटण पुरेसे नाही. मेन स्विच बंद करावा लागतो, आणि तो बंद केल्यावरही तार तपासावी लागते.

मराठी बोलीने हा घोळ आणखी वाढवला आहे. 'लाईट' हा शब्द दिव्यासाठीही आहे आणि विजेसाठीही. भर दुपारी पंखा थांबला तरी 'लाईट गेली' असेच म्हणतात. मिक्सर, फ्रिज, पाण्याचा पंप या सगळ्यांचा खर्च मिळून 'लाईट बिल' होते. वीज बहुतेक घरांत पहिल्यांदा आली ती दिव्याच्या रूपाने, त्याची ही खूण असावी. शब्दाने दोन वस्तू एक केल्या, आणि वायरिंगला हात घालणाऱ्याला त्या पुन्हा वेगळ्या करायच्या असतात. 'लाईट बंद आहे' हे वाक्य बैठकीत खरे ठरते. स्टुलावर उभ्या माणसाच्या बोटांसाठी ते अपुरे आहे.

घरच्या माणसाने या कामाला हात घालावा की नाही, याचे उत्तर नियमांनी दोन शब्दांत दिले आहे. १९५६ चे भारतीय विद्युत नियम आणि त्यांच्या जागी आलेले केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०१० चे सुरक्षा विनियम यांनी दिवे, पंखे, फ्यूज, बटणे आणि घरगुती उपकरणे बदलण्याची मुभा ठेवली. मात्र त्या बदलाने जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलता कामा नये. त्यापलीकडचे काम राज्य शासनाचा परवाना असलेल्या ठेकेदाराने करायचे. क्षमता मोजता येते. दिव्यांच्या मंडलाला साधारण १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार असते, गीझरला ४ चौरस मिलिमीटरची. स्वरूप कशाने मोजायचे? जुना बल्ब काढून एलईडी लावला तर स्वरूप तेच राहिले, असे सगळे मानतील. ओट्यावर पूर्वी दिवाच नव्हता, तिथे पट्टी लावली तर? ती प्लग खोचून चालवली तर उपकरण ठरते, भिंतीतल्या तारेला जोडली तर जोडणीत भर पडते. उजेड दोन्हींचा सारखाच.

ही पट्टी मुळात लागते ती एका अंधारामुळे, आणि तो अंधार एका म्हणीतल्या अंधाराचा नातलग आहे. 'दिव्याखाली अंधार' ही म्हण मराठीत आरोपासारखी वापरली जाते. गावाला शिकवणाऱ्या मास्तरांचा मुलगा नापास झाला, वैद्याच्याच घरातले दुखणे बळावले, चारचौघांत न्याय सांगणाऱ्याच्या ओसरीवर भावाभावांचा तंटा पेटला, की ती हटकून येते. दिव्याने जगाला उजेड दिला आणि आपल्या पायाकडे पाहिले नाही, असा तिचा सूर असतो.

तेलाच्या दिव्याची रचना पाहिली तर हा आरोप टिकत नाही. वात तेल पिते ती केशाकर्षणाने. तेल खालून वर चढते, म्हणून तेलाचे पात्र ज्योतीच्या खाली असते. पितळेतून उजेड जात नाही, त्यामुळे पात्राची सावली थेट बुंध्याशी पडते. समईला पाच वाती लावल्या तरी त्या एकाच पात्राच्या काठावर जळतात, आणि खालच्या तबकात, जिथे गळलेले तेल जमते, तिथे सावली उरतेच. अंधार पाडणारी वस्तू आणि ज्योतीला पोसणारी वस्तू एकच आहे. पात्र काढून घेतले तर अंधार जाईल, आणि दिवाही जाईल. मग मास्तरांचा मुलगा आणि समईचे पात्र एका म्हणीत कसे बसतात? की ती पहिल्यांदा बोलणाऱ्याला हेच सांगायचे होते, की गावाला दिलेला वेळ ज्या घरातून येतो त्याच घरावर सावली पडते? म्हणीत दोष कोणाचा ते सांगितलेले नाही. तो ऐकणारा भरतो.

या सावलीवर माणसांनी पुष्कळ डोके चालवले. दिवा दिवळीत ठेवला की सावली भिंतीच्या जाडीतच राहते. लामणदिवा साखळीने टांगला की पायाशी अडथळा उरत नाही, पण सावली जमिनीवर पसरते. युरोपात आर्गांड नावाच्या संशोधकाने १७८० च्या सुमारास पोकळ गोल वातीचा दिवा केला. त्याची तेलाची टाकी बाजूला असे, म्हणून अंधार खालून निघून बाजूला गेला. पुढे १९व्या शतकाच्या सुरुवातीला टाकीचे वलय करून ते ज्योतीभोवती बसवले गेले, आणि त्या दिव्याला लॅटिनमधून 'सावलीविना' अशा अर्थाचे 'सिनुम्ब्रा' हे नाव मिळाले. जे त्याच्यापाशी नाही, त्यावरून त्या दिव्याला ओळखले गेले.

विजेने पात्रच घराबाहेर नेले. मुंबईत १८८२ मध्ये क्रॉफर्ड मार्केटात विजेचे दिवे लागले, १९०५ मध्ये वाडी बंदरला वीजकेंद्र सुरू झाले, आणि १९१५ पासून खोपोलीच्या जलविद्युत केंद्राची वीज मुंबईला मिळू लागली. छतातून उलटा टांगलेला बल्ब थेट खाली उजेड पाडतो. त्याच्या खाली पात्र नाही, म्हणून अंधारही नाही. म्हण इथे संपायला हवी होती. पण पात्र नाहीसे झाले नव्हते, सह्याद्रीच्या माथ्यावर गेले होते. मुळशीला मुंबईच्या विजेसाठी धरण बांधायचे ठरले, तेव्हा जमिनी पाण्याखाली जाणाऱ्या मावळातल्या शेतकऱ्यांनी १९२१ मध्ये सत्याग्रह मांडला. पांडुरंग महादेव बापट त्याचे नेते झाले आणि याच लढ्यातून 'सेनापती' म्हणून ओळखले गेले. लढा तीन वर्षे चालला. धरण झाले, जमिनी बुडाल्या, आणि भिरा येथील केंद्राची वीज १९२७ पासून मुंबईला जाऊ लागली. तेलाचे पात्र आणि त्याची सावली एका हाताच्या अंतरात असत. घरातल्या माणसाला दोन्ही दिसत. विजेच्या दिव्याची सावली डोंगरापलीकडे पडते, आणि बटण दाबणाऱ्याला ती दिसण्याची सोय नाही. इथे म्हण रचनेचे वर्णन आहे की आरोप, हे ठरवणे समईच्या वेळेपेक्षा कठीण जाते. पात्र तर इथेही लागतेच. ते कोणाच्या शेतावर ठेवायचे, हे मात्र केशाकर्षणाने ठरलेले नसते.

आषाढ अमावास्येला, दिव्यांच्या अवसेला, घरातले दिवे घासूनपुसून पाटावर मांडतात आणि त्यांची पूजा करतात. एरवी दिव्याच्या उजेडात बाकीच्या वस्तू पाहिल्या जातात. त्या दिवशी दिवाच पाहिला जातो. काजळी कुठे धरली आहे, पात्र कुठे झिरपते आहे, हे हाताला कळते. छतातल्या सीलिंग रोजला आणि भिंतीतल्या जोडांना असा दिवस नाही. त्यांची झाकणे बिघाड झाल्यावरच उघडतात. स्वतःच्या घराचे वायरिंग उघडून पाहण्याची ओढ केवळ मजुरी वाचवण्याची नसते. रोज वापरलेली वस्तू एकदा तरी पाहावी, ही त्यामागची निकड मानाची आहे.

आता ओटा. बहुतेक स्वयंपाकघरांत ट्यूब मागच्या भिंतीवर किंवा छताच्या मध्यावर असते, आणि भाजी चिरणारी व्यक्ती तिच्याकडे पाठ करून उभी राहते. विळी-सुरीच्या धारेवर सावली पडते ती तिच्याच खांद्यांची. हा अंधार दिव्याखाली नाही, काम करणाऱ्याच्या पुढ्यात आहे, आणि दिवा जितका प्रखर तितका तो गडद. त्यावर उपाय एकच: उजेडाचा उगम माणूस आणि ओटा यांच्या मध्ये आणणे. म्हणून पट्टी वरच्या कपाटाच्या तळाला, पुढच्या कडेच्या आतल्या बाजूला लावतात आणि डोळ्यांत चमक जाऊ नये म्हणून दुधी झाकणाच्या अॅल्युमिनिअम खाचेत बसवतात.

अशी पट्टी बहुधा १२ व्होल्टवर चालते. ती ५ मीटरच्या गुंडाळीत मिळते आणि दर तीन एलईडींनंतर आखलेल्या खुणेवरच कापायची असते. मीटरला १४.४ वॅट खाणारी २ मीटर पट्टी लावली तर सुमारे २९ वॅट होतात. २३० व्होल्टचे १२ व्होल्ट करून देणारा ड्रायव्हर त्याहून थोडा मोठा, ३६ वॅटचा घ्यावा. १२ व्होल्टच्या बाजूला यासाठी सुमारे २.४ अँपिअर प्रवाह वाहतो, २३० व्होल्टच्या बाजूला साधारण त्याच्या विसाव्या हिश्शाइतका. त्यामुळे जी बाजू शॉक देत नाही तिथलाच सैल जोड आधी तापतो. तारेचे टोक सोलताना तांब्याचे धागे तुटू देऊ नयेत, ते पिळून कनेक्टरमध्ये पूर्ण आत जावेत, स्क्रू घट्ट बसावा आणि हलके ओढून पाहावे. नुसती पिळून टेप गुंडाळलेली तार काही काळ उजेड देते, मग टेप सुकतो.

तपासणी टेस्टरने होते. टेस्टरमध्ये निऑनचा छोटा दिवा आणि मोठा रोध असतो. मूठ आणि जमीन यांतून अत्यल्प प्रवाह वाहिला की तो लागतो. तो लागला तर फेज आहे. न लागला तर फेज नाहीच, असे म्हणता येत नाही: टेस्टर बिघडलेला असू शकतो, किंवा उन्हात त्याची लाली दिसत नसेल. म्हणून तो आधी चालू सॉकेटवर, मग कामाच्या तारेवर, मग पुन्हा चालू सॉकेटवर लावून पाहतात. एलईडी दिवा रात्री बंद केल्यावरही कधी मंद तेवत राहतो, त्याचेही कारण असाच अत्यल्प प्रवाह असतो. बटणातल्या निर्देशक दिव्यातून किंवा शेजारून धावणाऱ्या तारेमुळे थोडासा प्रवाह झिरपतो. ६० वॅटच्या जुन्या बल्बला तेवढ्याने काहीच होत नसे. गळती तेव्हाही असू शकत होती, ती दाखवणारा दिवा नव्हता.

शेवटचे रक्षण आरसीसीबीचे, म्हणजे प्रवाहाची गळती होताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचचे. एमसीबी, म्हणजे प्रवाह प्रमाणाबाहेर वाढला की पडणारा स्विच, तारेला जपतो. ६ अँपिअरच्या एमसीबीला माणसातून जाणारा प्रवाह कळत नाही. शरीरातून १० मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह गेला की स्नायू आखडून पकड सुटेनाशी होते, ३० च्या पुढे श्वास आणि हृदय धोक्यात येतात; म्हणून घरगुती आरसीसीबी ३० मिलिअँपिअरचा असतो. ७ वॅटचा एलईडी बल्ब निदान एवढाच प्रवाह घेतो. एका खोलीचा उजेड आणि एका माणसाचा जीव यांचे माप एकाच आकड्यावर येते.

झाकणे लावून पुरवठा सुरू केला, आरसीसीबीचे चाचणी-बटण दाबून तो पडतो याची खात्री केली, की काम पूर्ण होते. ओट्यावर खांद्यांची सावली उरत नाही. मात्र उजळलेल्या ओट्याला सरावलेली नजर मागे वळते तेव्हा तेच जुने स्वयंपाकघर पूर्वीपेक्षा काळोखे वाटते, जरी तिथली ट्यूब तेवढीच जळत असते. अंधार गेला की सरकला, हे टेस्टर सांगत नाही. घराची क्षमता बदललेली नाही. स्वरूप बदलले का, हा नियमातला प्रश्नही तसाच उरतो.