सामायिक आणि हॉटस्पॉट

इचलकरंजीतील आमच्या कापडाच्या पेढीवर इंटरनेट म्हणजे माझा मोबाइल. त्याच्याच हॉटस्पॉटवर संगणक चाले, बिले निघत. पर्युषणात मंदिरात सामायिकास बसताना मी तो बंद करीत असे. अशाच एका सायंकाळी बेळगावचा ट्रक भरून तयार झाला. ५० हजारांवरचा माल परराज्यात जायचा, तर ई-वे बिल हवेच. पुतण्या मंदिराच्या दारात येऊन मुकाट्याने उभा राहिला. सामायिकाची ४८ मिनिटे होती. त्यांतली निम्मी माझी त्याच्याकडे पाहण्यातच गेली.

पुढच्या आठवड्यात खिशात मावणारे वायफाय यंत्र पाहावयास निघालो. विक्रेता १५० एमबीपीएसचे गुण गात होता. ती अशा फोर-जी यंत्राची कागदावरची कमाल मर्यादा. आमच्या जाड भिंतींच्या गोदामात तिचे काय? म्हणून आधी शेजाऱ्यांकडून निरनिराळी सिमकार्डे मागून गोदामातच तपासली. उत्तम चालले ते माझ्या कंपनीचे नव्हतेच! तेव्हा एकाच कंपनीच्या सिमला बांधलेले स्वस्त यंत्र नाकारले आणि कोणतेही सिम स्वीकारणारे, बॅटरी बदलता येणारे घेतले. सतत चार्जरला लावलेली बॅटरी फुगते, हे जुन्या मोबाइलने शिकवले होतेच.

थोरले बंधू म्हणाले, ‘‘एक फोन असताना हे दुसरे कशाला? परिग्रहच की हा.’’ त्यांचे चुकले असे मला म्हणवेना.

आता सामायिकास जाताना मोबाइल घरीच राहतो. यंत्र गल्ल्याशेजारी दिवा लुकलुकवीत असते. पुतण्या मात्र अजूनही कधीतरी मंदिराच्या दारात येऊन उभा राहतो. गोदामाची किल्ली माझ्याच खिशात असते.