पाण्याकडे पाठ

ऑफिसात बसून ‘यार, एखाद्या तळ्याकाठी छोटंसं घर हवं’ असं म्हणणाऱ्या प्रत्येकाच्या लॅपटॉपमध्ये एक गुप्त फोल्डर असतं. माझ्याही होतं. नाव ‘ड्रीम हाउस’. स्वित्झर्लंडपासून केरळपर्यंतच्या घरांचे दीडशे फोटो. सगळ्यांत एकच गोष्ट कॉमन, पाण्याच्या बाजूला जमिनीपासून छतापर्यंत काच!

त्यामुळे सासरची थोडी वडिलोपार्जित जमीन पवना धरणाच्या काठाला उरली आहे, हे लग्नानंतर कळलं तेव्हा सासरच्या माणसांवरचं माझं प्रेम एकदम दुप्पट झालं. खोटं कशाला बोलू?

जागा बघाल तर वेड लागेल. समोर पश्चिमेला पाणी, पाण्यापल्याड तुंग, उजव्या हाताला लोहगड-विसापूर आणि पाठीशी तिकोना. चिंचवडच्या आमच्या बाल्कनीतून फक्त समोरच्या विंगमधले वाळत घातलेले कपडे दिसतात. आता बोला!

मी रात्र-रात्र जागून प्लॅन काढला. अकराशे स्क्वेअर फूट, दोन खोल्या, मोठा हॉल, पश्चिमेला काचेची भिंत. रविवारी नाश्त्याला घरच्यांसमोर चक्क प्रेझेंटेशन दिलं. नवरा खूश, सासूबाई खूश. सासरे, म्हणजे आमचे आबा, स्क्रीनकडे बघून एवढंच म्हणाले, “छान काढलंयस पोरी. माझी खोली तेवढी त्या अंगाला नको.”

मला वाटलं, पावसामुळे म्हणत असतील. कारण आर्किटेक्ट मैत्रिणीनेही तेच सांगितलं होतं. मावळातला पाऊस सरळ पडतच नाही, नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर आडवा येतो. त्याला म्हणतात झड. काचेच्या सांध्यांतून पाणी आत येणार, भिंतींना ओल धरणार आणि उरलेले आठ महिने दुपारनंतरचं ऊन हॉलची भट्टी करणार. गावातले गवंडीमामा तर हसलेच. “ताई, आमची जुनी घरं बघा. पावसाच्या अंगाला खिडकी कुणी ठेवलीय? तिकडं पडवी असते.”

तरी मी हटून बसले होते. इम्पोर्टेड सीलंट असतं, डबल ग्लेझिंग असतं, गुगल कशासाठी असतं?

मग आला मोजणीचा दिवस. सातबारा, फेरफार, झोन दाखला, पीएमआरडीएची परवानगी या सगळ्या चढणीतली ती एक पायरी. मे महिना होता. मोजणी झाली, खुणा झाल्या आणि माझा पहिला भ्रम फुटला. आमची हद्द पाण्याच्या बरीच वर संपत होती. मधला उताराचा पट्टा धरणासाठी संपादित झालेला, म्हणजे सरकारी. तळ्याकाठी प्लॉट घेणाऱ्यांनो, लक्षात ठेवा. ‘लेक टच’ ब्रोशरमध्ये असतं, नकाशात नसतं.

आबा मात्र खुणेच्या दगडापाशी थांबलेच नाहीत. तो ओलांडून खाली चालू लागले. उन्हाळ्यात पाणी खूप मागे हटतं, तडकलेला गाळ उघडा पडतो. याच धरणातलं वाघेश्वराचं जुनं देऊळही असंच वर्षातले थोडे महिने पाण्याबाहेर येतं. आबा एका जागी उभे राहिले. “इथं खळं होतं. तिथं गोठा. आणि ती दगडांची रांग दिसतेय ना, ते जोतं आपल्या घराचं.”

धरण पुरं झालं १९७२ साली. आबा तेव्हा दहा वर्षांचे होते. घराची दारं, वासे, कौलं उतरवून बैलगाडीत भरली, ते त्यांना आठवतं. पाणी हळूहळू चढत होतं. आजी रोज जाऊन बघून यायची, कुठवर आलं ते.

मी काय बोलणार? ज्याला मी ‘व्ह्यू’ म्हणत होते, ते या माणसाचं घर होतं. आणि एक गोष्ट आठवून तर जास्तच लाज वाटली. ९ ऑगस्ट २०११ला पवनेच्या बंद जलवाहिनीविरुद्ध एक्स्प्रेस-वेवर आंदोलन झालं, गोळीबारात तीन शेतकरी गेले. मी त्या दिवशी मुंबईहून येताना ट्रॅफिकमध्ये अडकले होते आणि ‘काय वैताग आहे’ म्हणून मैत्रिणींना एसएमएस करत होते.

रात्री घरी येऊन प्लॅन पुन्हा उघडला. काचेची भिंत डिलीट केली.

काम सुरू झालं ऑक्टोबरात, कारण इथे बांधकामाचं वर्ष आठच महिन्यांचं. जोतं काळ्या दगडाचं, चांगलं तीन फूट उंच. छप्पर उतरतं, मंगलोरी कौलांचं, चार फूट बाहेर काढलेलं, म्हणजे पागोळ्या भिंतीपासून लांब पडतात. पश्चिमेला गवंडीमामांच्या म्हणण्याप्रमाणे पडवी. आबांची खोली पूर्वेला, खिडकीत तिकोना. सेप्टिक टँक मात्र मी हट्टाने पाण्यापासून जास्तीत जास्त लांब, वरच्या अंगाला घ्यायला लावला. त्यासाठी मैलापाणी चढवायला पंप बसवावा लागला, खर्च वाढला. एकूण बजेट अठ्ठावीस लाखांचं सदतीसवर गेलं. (नवरा अजून मधूनमधून आठवण करून देतो.)

आणि दार? बैलगाडीतून आलेली सागवानी चौकट इतकी वर्षं आबांच्या चुलतभावाकडे गोठ्याला लावलेली होती. तीच आणली. उंची कमी आहे, त्यामुळे आमच्याकडे येणारा प्रत्येक सहा फुटी पाहुणा आधी कपाळ चोळतो, मग ‘वॉव’ म्हणतो.

पहिल्या पावसाळ्यात झड अशी आली, की पडवीतल्या खुर्च्या चिंब. हॉल कोरडा ठणठणीत. मी मनातल्या मनात गवंडीमामांना नमस्कार केला.

आबा हल्ली बरेच दिवस तिथेच असतात. संध्याकाळी पडवीत बसतातही, पण खुर्ची घराकडे तोंड करून. पाहुणे म्हणतात, “अहो आबा, इकडे बसा, काय सनसेट आहे!” आबा हसतात, जागचे हलत नाहीत. मीही सांगायला जात नाही.

सोमवारी सकाळी चिंचवडला परत. किचनमध्ये नळ सोडते. पवनेचं पाणी नदीतून रावेतला येतं, तिथून आमच्या नळाला. २०१९पासून तेही दिवसाआड. पूर्वी भांडी घासताना नळ वाहत ठेवायची सवय होती. आता हात आपोआप जातो आणि नळ बंद होतो.