पहिला पेला

मांडवी एक्स्प्रेसमधून थिवीला उतरलो तेव्हा मे महिन्याचे ऊन उतरणीला लागले होते. हळदोण्याच्या वाटेवर पिकलेल्या काजूच्या बोंडांचा वास दरवळत होता. सौभाग्यवतींनी नाकाला पदर लावला. मी मात्र तो वास छाती भरून घेतला. माझा कचेरीतला जुना स्नेही निवृत्तीनंतर गावी राहायला आला आहे, त्याच्याकडे आमचा मुक्काम होता. दुसऱ्या दिवशी त्याच्या घराशेजारच्या क्रुसापुढे लदीन, म्हणजे सामुदायिक प्रार्थना होती, आणि ती आटोपल्यावर तीसेक माणसांचे आदरातिथ्य.

या आदरातिथ्यात पेयपान असते हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला. गिरगावातल्या आमच्या घरात ‘बाटली’ या शब्दाला दोनच अर्थ होते: एक औषधाची आणि दुसरी धाकट्या काकांची. मुंबईचा दारूबंदीचा कायदा १९४९ सालचा. आमच्या घरातली बंदी त्याहून जुनी! काकांची बाटली माळ्यावर, पितळेच्या घंगाळामागे असे. ती तिथे आहे हे सर्वांना ठाऊक होते, आणि त्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही हेही सर्वांना ठाऊक होते.

इथे मात्र भर दुपारी मेज मांडले गेले ते थेट बाल्कांवात, म्हणजे रस्त्यावरून दिसणाऱ्या ओसरीवर. त्यावर आजीबाईंनी स्वतः इस्त्रीची पांढरी चादर अंथरली. स्नेह्याने मला कामाला जुंपले.

“पेले माणसांच्या दीडपट काढ. आपला पेला कुठे ठेवला ते लोक विसरतात. आणि पाण्याच्या सुरया पुढे ठेव, बाटल्या मागे.”

कोठीच्या खोलीतून त्याने काचेचा भला मोठा गर्राफांव आणला. त्यात काजूची फेणी होती. काजूचे झाड पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणले, पण त्याच्या बोंडांपासून फेणी गाळावी ती गोव्यानेच. या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. बोंडे तुडवून काढलेला रस आंबवतात आणि भट्टीवरच्या ‘भाणा’त उकळतात. त्याची वाफ थंड होऊन ‘लावणी’त जमते, तो पहिल्या धारेचा हुर्राक. हुर्राक सौम्य, तो त्या हंगामातच संपवायचा. पुन्हा भट्टीवर चढला की त्याची फेणी होते. ती हुर्राकाच्या दुपटीहून कितीतरी कडक.

“म्हणून फेणी मापानेच द्यायची,” स्नेही म्हणाला. “तीस मिलीलिटरचे माप घे. साडेसातशेच्या बाटलीत बरोबर पंचवीस बसतात. अंदाजाने ओतलेस की हात सैल सुटतो, आणि मग पाहुण्याची जीभही!”

हुर्राकासाठी लिंबाच्या फोडी, मीठ, उभी चिरलेली हिरवी मिरची आणि सोडा. शेजारी खोबऱ्याचे तुकडे घातलेले उकडलेले चणे. रिकाम्या पोटी कुणी पेला उचलू नये म्हणून चण्यांची ताटली अगदी कडेला, हाताशी. ज्यांना गाडी चालवायची त्यांच्यासाठी सकाळीच आणलेला गोड, न आंबलेला नीरो बर्फात ठेवला होता. “वहिनी, हा तुमच्यासाठीसुद्धा,” असे त्याने सांगितल्यावर पदर एकदाचा नाकावरून खाली आला.

दिवेलागणीला प्रार्थना झाली. मंडळी ओसरीवर जमली. मी माप हातात घेऊन पहिली बाटली उचलणार, तोच आजीबाईंनी माझा हात धरला आणि कोपऱ्यात बसलेल्या आपल्या धाकट्या लेकाकडे बोट दाखवले.

“पयलें ताका दी.”

स्नेह्याच्या या भावाने तीन वर्षांपूर्वी दारू सोडली होती. त्याच्यासाठी काठोकाठ भरलेला आमसुलाच्या सरबताचा पेला तयार होता. पेला तसाच, बर्फ तोच, लिंबाची फोडही तीच. तो पेला त्याच्या हाती गेल्यावरच बाकीच्या बाटल्या उघडल्या. कुणी आग्रह केला नाही, कुणी शाबासकीही दिली नाही. तो चणे खात गप्पा मारू लागला.

मला मात्र चणे गिळवेनात. आमच्या काकांनीही सोडली होती. त्यानंतर वर्षभराने माझ्या बढतीची मेजवानी झाली. चार पाहुणे ‘घेणारे’ होते, म्हणून काकांना आम्ही बोलावलेच नाही. “उगाच मोह नको,” असे मीच घरात सांगितले होते. खरे म्हणजे मोहाची भीती त्यांच्यापेक्षा मला होती. चार लोकांत त्यांच्याकडे पाहायचे कसे, हे मला समजत नव्हते. पीत होते तेव्हा आम्ही त्यांना माळ्यावर ठेवले, आणि सोडल्यावर दाराबाहेर.

परत आल्यावर मी काकांना फोन केला. दिवाळीत चार माणसे जेवायला येणार आहेत, तुम्ही यायचेच, असे सांगितले. ते बराच वेळ बोलले नाहीत.

“आमसुले आहेत का रे घरात?” त्यांनी विचारले. मी सरबताबद्दल अवाक्षरही काढले नव्हते!

“नाहीत,” मी म्हटले.

“मग मी घेऊन येतो.”