पारिजातक आणि एम. जी.

२०१९ साली मी सेवानिवृत्त झालो आणि मामांची १९४८ सालची एम. जी. टी. सी. माझ्या अंगणात आली. इंजिन १२५० सी. सी.चे, जागा दोनच माणसांची! हिला शेड हवी होती. (‘हिला’ म्हणजे गाडीला, घरातली ‘ही’ निराळी.) शेडच्या जागी नेमका घरातल्या ‘हि’चा पारिजातक उभा.

या गाडीच्या अंगाचा सांगाडा अ‍ॅश नावाच्या झाडाच्या लाकडाचा. पावसाळ्यात दारे कुरकुरू लागली, की मेकॅनिकऐवजी सुतार बोलवावा लागतो. “तिला वाचवायला शेड हवीच,” मी म्हणालो.

“अहो, तिच्यातही झाडच ना? मग माझं का तोडता?”

बत्तीस वर्षे कचेरीत वाद घातले, पण याला उत्तर सुचेना. शेड राहिली, गाडी ताडपत्रीखाली गेली.

रविवारी आम्ही दिवे घाटाने सासवडला जातो. घाटात गाडी तापते, मग खालचा मस्तानी तलाव पाहत थांबायचे. परतताना हिच्या पायाशी सीताफळे, पाठीशी गुलाबांसाठी शेणखताचे पोते.

काल पहाटे ताडपत्री काढायला गेलो, तर ही आधीच तिथे. वर पडलेली फुले परडीत वेचीत होती.

“यंदा फुलांना माती नाही लागली हो,” म्हणाली. “थांबा जरा, एवढी वेचू द्या.”