साधनाताईंची साठ वर्षांची शुश्रूषा

गावात लढाईहून परत आलेला शिपाई असला म्हणजे आपण त्याला मान देतो. झेंडावंदनाला त्याला पुढच्या खुर्चीवर बसवतो, पोरांना त्याच्या पाया पडायला सांगतो. ते योग्यच आहे. पण काही लढाया बंदुकीविना होतात. त्या घरातल्या अंथरुणापाशी होतात, चुलीपाशी होतात, गोठ्यात होतात. त्या लढणाऱ्याच्या छातीवर कोणी बिल्ला लावत नाही. अशाच एका लढाईत साठ वर्षे पाय रोवून उभ्या राहिलेल्या बाईविषयी आज चार शब्द लिहितो. त्या म्हणजे वरोऱ्याजवळच्या आनंदवनच्या साधनाताई आमटे.

मी घाटंजी तालुक्यात शेतीविस्ताराचे काम करतो. बी.एस्सी. झालो तो वरोऱ्याच्या आनंद निकेतन कृषी महाविद्यालयात. हे महाविद्यालय १९६५ साली आनंदवनाच्या मंडळींनीच उभे केले. ज्या माणसांना समाजाने गावाबाहेर काढले, त्यांनीच गावातल्या पोरांसाठी शाळा काढली, ही गोष्ट त्या वयात आम्हाला फारशी उमगत नव्हती. ताईंशी माझे कधी बोलणे झाले नाही. दुरून पाहिले, एवढेच. पण तिथल्या मातीत शिकलो म्हणून त्यांची गोष्ट सांगण्याचा थोडा हक्क आपल्यालाही आहे, असे मी मानतो.

ताई मूळच्या नागपूरच्या, घुले घराण्यातल्या. माहेरचे नाव इंदू. घर जुन्या वळणाचे, सोवळेओवळे पाळणारे. मुरलीधर आमटे, म्हणजे पुढचे बाबा, यांनी त्यांना एका लग्नघरी पाहिले. सगळी मंडळी सोहळ्यात दंग असताना ही मुलगी हळूच उठली आणि घरातल्या म्हाताऱ्या मोलकरणीला धुणे धुऊ लागली. बाबांनी तिथेच मनाशी ठरवले, असे सांगतात. आपल्याकडे मुलगी पाहताना पोहे कसे केले, रंग कसा आहे, हे बघतात. बाबांनी हात कामाला कसे लागतात ते पाहिले. १९४६ च्या डिसेंबरात लग्न झाले आणि इंदूची साधना झाली.

बाबा गोरज्याच्या जमीनदार घरातले, शिकून वकील झालेले. बाईने सुखाने माडीवर बसावे असे ते सासर. पण ते सगळे सोडून नवराबायकोने वरोऱ्याला श्रमाश्रम काढला. तिथे सगळ्या जातींची माणसे एका छपराखाली राहत, एका चुलीवरचे खात. सोवळ्यातून आलेल्या तरुण सुनेने हे कसे पचवले असेल, ते ज्यांच्या घरी अजून वेगळा पेला ठेवतात त्यांनी मनाशी तपासून पाहावे.

पुढे बाबांना वाटेत पावसात भिजत पडलेला एक महारोगी भेटला. तुळशीराम त्याचे नाव. आधी बाबा घाबरले आणि मग त्या भीतीचीच त्यांना लाज वाटली. त्यातून महारोग्यांच्या सेवेचे काम सुरू झाले. बाबा कलकत्त्याला जाऊन या रोगाचे शिक्षण घेऊन आले. १९५१ साली सरकारने दिलेल्या पन्नास एकर जमिनीवर हे कुटुंब राहायला गेले. बरोबर सहा रुग्ण, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि खिशात १४ रुपये. शिवाय ताईंच्या कडेवर दोन लहान मुले, विकास आणि प्रकाश.

शेतकरी मंडळींनो, ती जमीन कसली होती ते तुम्हाला सांगितले पाहिजे. नुसता दगडगोटा आणि काटेरी झुडूप. पाणी नाही. विंचू, साप आणि रात्री जनावराची भीती. पहिले काम विहिरीचे. बोटे झडलेल्या माणसांनी सब्बल धरली, कुदळ धरली आणि खडक फोडून पाणी काढले. मग भाजीपाला झाला, धान्य झाले, दूध झाले. मात्र वरोऱ्याच्या बाजारात ती भाजी कोणी घेईना. रोगट हाताची भाजी म्हणून लोक दूर सरत. पुढे देशोदेशीचे तरुण स्वयंसेवक आनंदवनात येऊन राहिले. त्यांनी रुग्णांच्या खांद्याला खांदा लावून भिंती उभारल्या, एका पंगतीत जेवण केले. ते पाहून गावातल्या माणसांची भीड चेपली. माल तोच होता, बदलली ती माणसाची नजर. एखादे नवे बियाणे गावात रुजवताना आम्हाला हाच अनुभव येतो. सांगून लोक ऐकत नाहीत, शेजाऱ्याच्या वावरात पाहिले म्हणजे ऐकतात.

या सगळ्यात ताईंचे काम कोणते? त्यांच्याजवळ नर्सचे प्रमाणपत्र नव्हते. पण सुईणीजवळ तरी कुठे असते? सगळ्यांचा स्वयंपाक, गाईंचे दूधपाणी, आपली पोरे आणि रुग्णांची शुश्रूषा, हा त्यांचा रोजचा रामरगाडा.

महारोगाची शुश्रूषा वेगळी असते. या रोगात मज्जातंतू मरतात आणि हातापायाला कळ लागत नाही. चुलीवरचे भांडे उचलताना बोट भाजले तरी समजत नाही. पायात काटा मोडला तरी माणूस दिवसभर चालत राहतो. झोपेत उंदराने बोट कुरतडले तरी जाग येत नाही. बोटे झडतात ती रोगाने कमी आणि अशा न कळलेल्या जखमांनी जास्त. म्हणून रोज हातपाय नीट पाहायचे, पाण्यात भिजवायचे, तेल लावायचे, जखम धुऊन बांधायची. आज बांधली की उद्या पुन्हा. यात शेवट नाही आणि शाबासकीही नाही. निंदणासारखेच हे काम. केले तर दिसत नाही, न केले तर लगेच दिसते.

आणि ताईंचा घरचा रोगीही होताच. बाबांच्या पाठीच्या कण्याचे दुखणे असे बळावले की त्यांना बसता येईना. एकतर उभे राहायचे, नाहीतर आडवे पडायचे. अशा माणसाला सांभाळत ताईंनी कित्येक वर्षे काढली. १९९० साली बाबा नर्मदेकाठी कसरावदला राहायला निघाले, तेव्हा या वयात परक्या मुलखात कशाला, असे न म्हणता त्याही निघाल्या. तिथे दहा वर्षे नव्याने संसार थाटला. बाबा देवळात जाणारे नव्हते, ताई देवपूजा करणाऱ्या. पण त्यावरून घरात भांडण लागले नाही. दोघांचे देव वेगळे असले तरी दिवसभराचे काम एकच होते. हे सारे त्यांनी ‘समिधा’ या आत्मकथनात साध्या भाषेत लिहून ठेवले आहे. गावच्या वाचनालयात हे पुस्तक असेल तर जरूर वाचा आणि घरच्या बायांनाही वाचायला द्या.

आता त्यांच्या आजीपणाविषयी. १९७३ च्या डिसेंबरात भामरागडच्या जंगलात हेमलकशाचा लोक बिरादरी प्रकल्प सुरू झाला. धाकटा मुलगा डॉ. प्रकाश आणि सून डॉ. मंदाकिनी तिथे राहायला गेले. वीज नाही, धड रस्ता नाही, पावसाळ्यात नदीनाल्यांनी जगाशी संबंध तुटायचा, हिवतापाचा मुलूख. दिगंत आणि अनिकेत ही नातवंडे तिथेच वाढली, माडिया मुलांच्या मांडीला मांडी लावून तिथल्याच आश्रमशाळेत शिकली. तुमच्याआमच्या घरची आजी काय म्हणाली असती? ‘तुम्ही जा बापा जंगलात, पोरं माझ्यापाशी ठेवा.’ त्यात आजीचे चुकले असे कोणी म्हणणार नाही. पण नातवंडांना पदराखाली झाकणे ही एक माया आणि आईबापाच्या कामात त्यांना वाढू देणे ही दुसरी माया. दुसरी जड असते. आज दिगंत डॉक्टर होऊन त्याच जंगलात दवाखाना चालवतात आणि अनिकेत प्रकल्पाचा कारभार पाहतात.

९ फेब्रुवारी २००८ ला बाबा गेले. ९ जुलै २०११ ला ताईही आनंदवनातच गेल्या. १९५१ ते २०११, हिशेबाने साठ वर्षे. आपल्या कचेरीत अट्ठावन्नाव्या वर्षी निवृत्तीचा नारळ मिळतो. ताईंना तो कोणी दिला नाही आणि त्यांनी मागितलाही नाही.

ही जुनी गोष्ट आज का सांगतो? कारण महारोग अजून गेलेला नाही आणि त्याची भीती तर मुळीच गेलेली नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या तालुक्यातल्या एका गावी शेतीशाळा घेतली. कापूस वेचणाऱ्या एका बाईच्या बोटावर भाजल्याचा मोठा फोड होता. ‘दुखत नाही का?’ विचारले तर म्हणाली, ‘काहीच समजत नाही साहेब.’ हातावर फिकट चट्टाही होता. मुलीचे लग्न जुळायचे होते म्हणून तिने वर्षभर तो पदराखाली लपवला होता. आशाताईने तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेले. निदान झाले आणि गोळ्या सुरू झाल्या. पण घरी सासूने धाकट्या नातवाला आईच्या कुशीतून उचलून आपल्याजवळ निजवायला सुरुवात केली. पोरगा रात्रभर रडे, आई भिंतीकडे तोंड करून पडे.

तेव्हा केंद्रातल्या नर्सबाई घरी आल्या. त्या बाईजवळच बसल्या, तिच्या हातचा चहा घेतला आणि सासूला समजावले. हा रोग हात लावल्याने, एका ताटात जेवल्याने होत नाही. औषध न घेतलेल्या रोग्याच्या श्वासावाटे, फार दिवसांच्या सहवासाने तो पसरू शकतो. तोही सगळ्यांना नाही, कारण बहुतेकांच्या अंगी त्याला तोंड देण्याची ताकद असते. आणि औषध सुरू झाले की पसरण्याचा धोका लवकरच संपतो. सासूने ऐकून घेतले, बोलली काही नाही. त्या रात्री तिने नातू सुनेजवळ निजवला. पुढे मुलीचे लग्नही झाले.

म्हणून आयाबहिणींनो, अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल, त्याला टोचलेले समजत नसेल, हातापायाला मुंग्या किंवा बधिरपणा येत असेल, तर लपवू नका. सरकारी दवाखान्यात बहुविध औषधोपचार फुकट मिळतो. रोगाच्या प्रकाराप्रमाणे सहा महिने किंवा वर्षभर गोळ्या घ्याव्या लागतात आणि माणूस पुरता बरा होतो. वेळेवर घेतल्या तर व्यंगही येत नाही. ताईंच्या सुरुवातीच्या काळात हे औषध नव्हते. तो बहुविध उपचार १९८० नंतर आला. कायदाही बदलला आहे. महारोग हे घटस्फोटाचे कारण २०१९ साली कायद्यातून काढून टाकले.

आणि घरात जी बाई कोणा लकवा झालेल्या सासऱ्याचे, म्हाताऱ्या आईचे, आजारी लेकराचे वर्षानुवर्षे करते आहे, तिची एक दिवस तरी चौकशी करा. तिने जेवण केले का ते विचारा. आठवड्यातून एक रात्र तिला झोपू द्या, उशाशी तुम्ही बसा. साधनाताईंची पुण्यतिथी ९ जुलैला येते. तेव्हा पेरणीची घाई असते, तुम्हाला सभा भरवायला सवड नसते, हे मला माहीत आहे. सभा नकोच. बाईच्या हातातला पाण्याचा तांब्या आपल्या हाती घेतला, तरी ताईंची आठवण झाली असे समजा.